पहिल्या मानाचं घर

डोणवाडीत निवडणूक शाळेत होत नसे. शाळेत नुसते शिक्के पडत. खरी निवडणूक आठवडाभर आधी खंडोबाच्या देवळात उरकलेली असे, भर दुपारी, सगळ्या गावादेखत. पुरुष सभामंडपात बसत, बायका बाहेर दीपमाळेपाशी पदर सावरून उभ्या राहत. सरपंच बोले, म्हातारे माना हलवत आणि मग परातीत बेलाची पानं आणि भंडारा मांडला जाई. प्रत्येक घरच्या कारभाऱ्यानं पुढं यायचं, बेलाचं पान आणि चिमूटभर हळद उचलून कपाळाला लावायची. लावली की शब्द गेला. घरातली सगळी मतं देवाच्या साक्षीनं बांधली गेली, आईचं, बायकोचं, सुनेचंही. त्या बायांना कुणी विचारत नसे. बैल बाजाराला काढताना बैलाला कोण विचारतं?

'गाव करील ते राव काय करील' असं डोणवाडीकर छाती काढून सांगत. शेजारच्या गावांतून निवडणुकीच्या पायी भावाभावांची डोकी फुटत. डोणवाडीची पेटी मात्र कधीही उघडा, एकाच निशाणीनं भरलेली. कराडपासून सांगलीपर्यंतचे पुढारी या गावाचं कौतुक करत आणि कौतुक करून निघून जात. कृष्णा खाली वाहताना दिसे, पाणी वर येत नसे. नदी उशाला आणि कोरड घशाला, अशी या एकमताच्या गावाची तऱ्हा होती.

पहिला बेलभंडार उचलायचा मान जोतीरामच्या घराचा. त्याच्या पणज्यापासून चालत आलेला. जोतीरामनं हात घातल्याशिवाय परातीला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. त्या मानापोटी वर्षाला एक नारळ मिळे आणि जन्मभर मान ताठ राही.

सत्त्याहत्तर साली शिमगा झाल्यावर पुन्हा परात मांडली गेली. राहीबाई, जोतीरामची बायको, दीपमाळेला टेकून उभी होती. सगळ्या बायका तिच्यापासून हातभर लांब सरकल्या होत्या. ज्या घरात तरणाताठा पोरगा जाऊन पाच महिनेही झाले नाहीत, त्या घरच्या बाईशी काय बोलायचं ते कुणाला सुचत नव्हतं.

"दिल्लीत काय बी हूं दे," नानासो सरपंच म्हणाला. "आपल्याला पाणी पायजे. उपशाच्या मोटारींना वीज द्यायचा शब्द सायबांनी मला दिलाय. गाव फुटलं तर शब्द बी फुटला म्हनून समजा. नेहमीची निशानी. गायवासरू. चला, जोतीदा."

कुणी हललं नाही. सगळे जोतीरामकडं बघत होते. या एका घरानं आज नाही म्हटलं असतं तर कुणी ब्र काढला नसता. उलट कित्येकांना तेच हवं होतं, कारण त्यांच्याही घरातला एकेक जण त्याच ट्रकमधून गेला होता. पण पहिला हात जोतीरामचा. तो हात घालीपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं, हीच रीत.

तो ट्रक आला होता आश्विनात. आणीबाणीचे दिवस, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तालुक्याला नसबंदीचं शिबिर लागलं होतं आणि प्रत्येक गावानं माणसं द्यायची होती. माणसं दिली नाहीत तर खत बंद, मास्तरांचा पगार बंद, विजेचं तर नावच काढू नका. तेव्हाही परात मांडली गेली आणि तेव्हाही पहिला मान जोतीरामचा होता. पहिला बेलभंडार ज्या घराचा, पहिला माणूसही त्याच घरचा, असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते पुढं कुणालाच आठवेना.

घरी आल्यावर लालासाहेब बापाला म्हणाला होता, "आबा, मला अजून पोर बी न्हाई."

"आरं, गाठ पुना सोडवता येती म्हनं. नानासोनं इचारलंय डागदरला. मानाचं घर मागं ऱ्हायलं तर गाव काय म्हनंल?"

लालानं मान खाली घातली. पोर होतं ते आत, चुलीपाशी बसलेल्या शालूच्या पोटात. पण दिवस गेल्याचं तिसरा महिना सरेपर्यंत बोलायचं नाही, दृष्ट लागते, म्हणून तिनं ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. शिबिरात लालाच्या नावापुढं तीन मुलं लिहून घेतली. सरकारी हिशेबात तो तीन पोरांचा बाप ठरला, आणि खऱ्या पोराची त्याला खबरच नव्हती.

परत येताना ट्रकमध्ये त्यानंच सगळ्यांना हसवलं म्हणतात. आठवड्याच्या आत त्याचा जबडा धरला. धनुर्वात. न्यायला ट्रक आला होता, दवाखान्यात पोचवायला काही आलं नाही. उसाच्या गाडीवाल्याचे पाय धरून राहीबाईनं पोराला सांगलीकडं काढलं. आष्ट्याच्या पुढं, मोळ्यांना टेकलेल्या आईच्या मांडीवर लाला गेला. वर कुठं विचारलं गेलं तेव्हा 'तापानं गेला' असं उत्तर मिळालं. पेपरात तर ओळसुद्धा नाही.

आणि आज तीच परात होती. 'नगा उठू,' राहीबाई मनात म्हणत होती, 'एकदा तरी नगा उठू.' जोतीराम उठला. पटका सारखा केला, परातीपाशी गेला आणि बेलभंडार उचलून कपाळाला लावला. त्याच्यामागं सगळं गाव उठलं.

घरी आल्यावर राहीबाईनं तोंडाचा पट्टा सोडला नाही, की आदळआपट केली नाही. भाकरी थापता थापता ती एवढंच म्हणाली, "तुमी उचलला. माझा हात न्हवता त्यात."

"कारभाऱ्यानं उचलला म्हंजे घरानं उचलला."

"मग लालाला धाडला त्यो बी घरानंच धाडला म्हना की. मी न्हाई धाडला त्याला. मला कुनी इचारलं बी न्हाई." तव्यावरची भाकरी करपत होती, तिचं लक्ष नव्हतं. "आवं, त्या पडद्याच्या मागं मी एकलीच आसनार. इरोधातल्या नांगरवाल्यावर शिक्का मारीन. माझ्या पोराला मारलं एवढं तरी कुनाला तरी कळू दे. दुसरं काय हाय माझ्याजवळ?"

"बेलभंडार मोडायचा? खंडोबाचा?"

"खंडोबाला आपल्या घरातनं न्यायला ऱ्हायलंय काय आता?"

जोतीरामनं आतल्या खोलीकडं पाहिलं. शालू तिथं तांदूळ निवडत बसली होती, सहाव्या महिन्याचं पोट सावरत. बेलभंडार मोडला की घराचा वंश सुकतो, हे डोणवाडीत बोटभर पोरालाही ठाऊक होतं. राहीबाईच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला.

"तुला त्या पोराची आन हाय," जोतीराम म्हणाला. "गायवासरूच. काय?"

तिनं मान हलवली. हलवताना तिला लाला दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं बायकांची रांग उन्हात उभी होती. साहेबानं राहीबाईच्या बोटाला शाई लावली, कागद दिला, शिक्का दिला. ती पडद्याआड गेली. कागदावर गाय होती आणि गाईच्या पोटाशी लुचणारं वासरू होतं. याआधीही ती त्याच चित्रावर शिक्का मारत आली होती, पण नीट बघितलं ते आज. गाय मान वळवून वासराकडं बघतेय. वासराला गाईशिवाय कशाची पर्वा नाही. खाली खांद्यावर नांगर घेतलेला माणूस होता, अगदी जवळ. शिक्का त्याच्यावर टेकवायला हात असा किती हलवावा लागला असता? तिच्या डोळ्यांपुढं शालूचं पोट आलं. तिनं डोळे मिटले आणि गायवासरावर शिक्का मारला.

"माफ कर रं माझ्या राजा," ती कागदाची घडी घालता घालता म्हणाली, आणि बाहेरच्या साहेबाला वाटलं, म्हातारीला घडी घालता येत नाही.

मग रेडिओ बोलायला लागला. सोसायटीच्या कट्ट्यावर माणसं जमली. दिल्लीचं सरकार पडलं होतं. तिकडं उत्तरेत गावंच्या गावं उलटली होती. तिकडच्याही पोरांना असंच ट्रकात भरलं होतं म्हणे, आणि तिकडच्या आयाबापांनी शिक्क्यानं उत्तर दिलं होतं. डोणवाडीकर ऐकत राहिले. सगळ्या मुलखात रडणं फुटलं होतं आणि यांनी तेवढं तोंडात पदर कोंबून ठेवला होता. कुणी कुणाकडं बघेना. आपल्या भागात नेहमीचीच निशाणी निवडून आली होती, तरी त्या दिवशी कुणी गुलाल आणला नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून मोजणीला गेलेला गावचा माणूस परतला आणि थेट नानासोच्या दारात गेला. डोणवाडीच्या पेटीत सगळी मतं गायवासराला होती. एक सोडून. एक मत नांगरवाल्याला पडलं होतं.

माणसाच्या डोक्यात कधी काय शिरेल सांगता येत नाही. देशाचं राज्य बदललं त्याचं नानासोला काही वाटलं नाही, पण त्या एका मतानं त्याचं अन्न तुटलं. विजेचा शब्द देणाऱ्या साहेबांनी मोजणीच्या जागी हसून त्याच माणसाकडं निरोप दिला होता, "काय नानासो, खंडोबाचा वचक कमी झाला वाटतं!" त्यानं दुपारीच दवंडी दिली. पुन्हा देऊळ, पुन्हा परात. ज्यानं ज्यानं बेलभंडार उचलला होता, त्यानं भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायची की शब्द मोडला नाही.

"पयला मान," नानासो म्हणाला. "जोतीदा."

दीपमाळेपाशी उभ्या असलेल्या बायका आता राहीबाईकडं उघड उघड बघत होत्या. सगळ्या गावाची खात्री होती. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि जळलं होतं ते हिचं. तिला त्या नजरा टोचत होत्या, कारण तिनं मारला नव्हता. मग कुणी मारला असेल? बनुबाईनं? बनुबाईचाही नवरा त्याच ट्रकात होता. पण बनुबाई तर स्वतःच्या सावलीला भिते.

जोतीराम परातीपाशी पोचला. हात पुढं केला. तो हात भंडाऱ्याच्या वर थांबला. त्या हातानं उभ्या जन्मात शेकडो वेळा बेलभंडार उचलला होता, कधी अडला नव्हता. जोतीरामनं तोंड वर केलं आणि दाराबाहेर बघितलं, सरळ राहीबाईकडं.

तेव्हा तिला कळलं.

या माणसानं तिला आण घातली होती. पोराची आण. आणि स्वतः पडद्याआड जाऊन खंडोबाचा शब्द मोडून आला होता. आता तो शपथ घेईल तर खोटी पडेल आणि नाही घेतली तर सगळ्या गावापुढं बेलभंडार मोडणारा ठरेल. शालूच्या पोटातल्या जिवाला गाव जन्माआधीच शापित म्हणेल.

बायकांनी बैठक चालू असताना सभामंडपाची पायरी चढायची नसते. राहीबाई पायरी चढली.

"त्यास्नी काय इचारताय? म्या मारला."

नानासो ताडकन उठला.

"मी बेलभंडार उचलला न्हवता," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "तुमी आमा बायांस्नी कवा उचलू दिलाय? मग माझ्याकडनं मोडला कसा? ह्यांचा शब्द ह्यांनी पाळला. माझं मत माझं हुतं. माझं पोरगं गेलंय. म्या मारला शिक्का."

"जोतीदा, घरातली बाई ऐकंना व्हय तुझं?" नानासो गरजला.

जोतीरामनं तोंड उघडलं. राहीबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ते मिटलं.

गावानं निवाडा केला. पहिला मान जोतीरामच्या घरातून काढला आणि नानासोच्या चुलत्याला दिला. गाव नुसतं मान काढून थांबलं, वाळीत टाकलं नाही. पुष्कळांना तेवढंही जड गेलं. पणज्यापासूनचा मान चार घटकांत गेला आणि परातीवर पुन्हा फडकं पडलं.

त्यानंतर जे झालं त्यानं राहीबाईला जास्त मारलं. नदीवर धुणं धुताना बनुबाई तिच्याजवळ आली, तिचे ओले हात धरले आणि हमसून रडायला लागली. "माझ्या बी मनात हुतं गं आक्का. शिक्का हातात धरून उभी ऱ्हायले मी. ह्यांनी उचललेला आठवला आनि हात फिरला. तू एकली निघालीस बाई. तुझ्या लालाला पोचलं बग ते." मग दुसरी आली. मग पाणवठ्यावर, मळ्याच्या वाटेवर, कुणी ना कुणी यायची, इकडंतिकडं बघायची आणि तेच बोलायची. सगळ्यांच्या मनात होतं. एकीनंही मारला नव्हता. राहीबाई 'व्हय व्हय' म्हणायची आणि तिला भुई फाटावी असं वाटायचं. जे केलंच नाही, त्याचं कौतुक पोटच्या पोराच्या नावानं ऐकायचं. कुणाला सांगायची सोय नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

वैशाखात नव्या सरकारकडची म्हणून सांगलीहून एक जीप आली. आणीबाणीत कुणावर जुलूम झाला का, विचारत फिरत होती. राहीबाई धावत चावडीपाशी पोचली तोवर नानासोनं चहा पाजला होता.

"बाई म्हणते पोरगा शिबिरामुळं गेला," जीपमधला माणूस म्हणाला. तो वाईट नव्हता, थकलेला होता. "पण आजी, तुमच्या गावानं तर सगळी मतं त्यांनाच दिलीत. गावावर जुलूम झाला असता तर गाव असं मत देईल का? वरती मी काय सांगू?"

चावडीच्या भिंतीला टेकून उभे असलेले बापे, ज्यांच्या अंगावर त्याच शिबिराची खूण होती, ते जमिनीकडं बघत राहिले. जीप गेली. मोटारींची वीज आली नाही. पाणी नदीतच राहिलं.

ज्येष्ठात शालू बाळंत झाली. मुलगा. अंगानं गुटगुटीत, नाक थेट लालाचं. पोराला काही झालं नाही, त्याला साधी सर्दीसुद्धा शिवली नाही. राहीबाईनं देवाला हात जोडले आणि त्याच हातांनी डोळे पुसले.

पण जोतीराम पोराला घेईना. बारशाला त्यानं गूळ वाटला, पाळण्याला दोरी बांधली, पण पोराच्या अंगाला बोट लावलं नाही. पोर रडलं की तो उठून गोठ्यात जाई. शालूला वाटलं, मामंजींना लालाची आठवण येते. राहीबाईला खरं ठाऊक होतं, आणि ती रोज उद्यावर ढकलत होती.

एका सकाळी शालू मळ्यात गेली होती. जोतीराम ओसरीवर दावं वळत बसला होता. राहीबाईनं पोराला उचललं आणि त्याच्यापुढं येऊन बसली. देवळातल्या त्या दुपारनंतर दोघं त्या विषयावर पहिल्यांदाच बोलत होती.

"मला आन घातली आनि तुमी का मारला?"

जोतीरामनं दाव्यावरून नजर काढली नाही. "उचलला म्या हुता. मोडायचं पाप बी माझ्या एकट्याच्या माथ्यावर यावं. तुझ्या न्हाई, तिच्या न्हाई. म्हनून तुला आन घातली."

"मला इचारायचं तरी."

"काय इचारनार हुतो?"

"दोगांनी मारला आसता." राहीबाईचा आवाज फुटला. "दोन झाली आसती. एक मत बगून लोकास्नी वाटतंय, कुनाचा तरी हात चुकला, न्हाईतर कुनी तरी म्हातारी खुळावली. आई आनि बा, दोगांची दोन आसती. त्या जीपवाल्याला सांगाय आलं आसतं. आवं, माझ्या लेकराला माझ्या हातनं एक शिक्का बी मिळाला न्हाई, आनि समदं गाव मला म्हनतंय, राही, तूच खरी आई."

ती रडत होती आणि तिच्या रडण्यानं पोरही रडायला लागलं. जोतीरामचे डोळे भरून आले, पण त्यानं ते पुसले नाहीत.

"जाऊ द्या ते," ती पोराला थोपटत म्हणाली. "पाप माझ्या नावावर गेलंय. गाव बी तसंच म्हनतंय, देव बी तसंच म्हनंल. घ्या ह्याला." तिनं पोर पुढं केलं. "घ्या की. आख्ख्या गावात तुमचा एकच हात माझ्या लालासाठी उठला."

जोतीरामनं दावं खाली ठेवलं. हात थोडे पुढं आले, पोराच्या अगदी जवळ, आणि मग त्यानं ते मागं घेऊन धोतराच्या सोग्याखाली लपवले.

"ह्याच हातानं त्याला ट्रकात बी चढवला हुता, राही."

पोर रडतच होतं. राहीबाई त्याला छातीशी धरून आत घेऊन गेली.